तार तुटली तरी वाजणारी गिटार

माझी अक्का रागावली की ओरडत नाही, कामाला लागते. ती भांडी आपटत असली तर आमच्या घरात सगळे निवांत असतात. ती गप्प बसून काहीतरी दुरुस्त करायला लागली की मात्र आमची आई, अव्वा, मला लातूरला फोन करते आणि म्हणते, "अंजू, हिचं कुनाशी तरी वाजलंय बघ."

अक्काचं नाव रुद्राणी. चाळिशीला आलेली, लग्न न केलेली, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला परत विचारायची हिंमत होणार नाही असं बघणारी. विष्णुपुरीला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ती असिस्टंट आहे. नांदेडला खोली करून राहायला लागल्यावर ती गिटार शिकली. गिटार लाकडाचीच, पण पोटात यंत्र बसवलेली. वायर लावली की आवाज स्पीकरमधून येतो. सुट्टीत ती घरी यायची तेव्हा गिटार नांदेडलाच ठेवायची. नीट वाजवता आल्याशिवाय अप्पांसमोर काढायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. आमचे अप्पा, माणिकप्पा, अहमदपूरला पेंड-सरकीचं दुकान चालवतात, पण गावात त्यांची ओळख भजनी मंडळाचा तंबोरा म्हणून आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावायला, म्हणजे सुराला गुंजन आणायला, बसले की जेवण निवून जातं. धागा जरा इकडेतिकडे झाला तरी "बेसूर" म्हणतात आणि पुन्हा सुरू करतात. त्यांच्यासमोर पहिल्यांदा वाजवायचं म्हणजे आम्हा दोघी बहिणींसाठी बोर्डाच्या परीक्षेपेक्षा मोठी गोष्ट होती.

ती संधी बसवजयंतीला आली. दरवर्षी संध्याकाळी बाजार मैदानात भक्तिगीतांचा कार्यक्रम असतो आणि दरवर्षी तो अमृतराव नावाच्या माणसाच्या ऑर्केस्ट्राकडे असतो. त्याला त्या वर्षी गिटारवाली बाई हवी होती. कुणीतरी अक्काचं नाव सांगितलं. फ्लेक्सवर तिचा फोटो लागला. अप्पा तोंडानं काही बोलले नाहीत, पण मंडळाच्या सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसले. मी त्यांच्या शेजारी होते.

कार्यक्रम रंगला. एका गाण्यात मध्ये गिटारचा लांब तुकडा होता. अक्का वाजवत होती आणि मी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तेवढ्यात तिची पहिली तार तुटली. तुटलेलं टोक दिव्यात चमकत हवेत लोंबायला लागलं. अक्काचा हात थांबला. गिटार मात्र वाजतच राहिली. त्याच तारेवरचे उंच सूर, एकही न चुकता, स्पीकरमधून येत राहिले. मंडळातले मलप्पा काका हसून म्हणाले, "माणिकप्पा, पोरगी गिटार लई भारी धरती हो!"

अप्पा उठले आणि घरी निघून गेले.

रात्री जेवताना त्यांनी अक्काला एकच विचारलं, "हे खोटं वाजवायला कधी शिकलीस?" अक्काला कळेचना. स्टेजवर तिच्यासमोर जो छोटा स्पीकर ठेवला होता त्यातून तिला तिचीच गिटार ऐकू येत होती. तार तुटल्यावर कीबोर्डवाल्या बालाजीनं वेळ सांभाळून घेतली, असं तिला वाटलेलं. मी माझ्या मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ लावला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत बाहेर जे ऐकू येत होतं ते सगळं कीबोर्डमधलं गिटार होतं. अक्काच्या बोटांचा एक सूरही मैदानात पोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अमृतरावकडे गेलो. तो खुर्चीत रेलून सुपारी कातरत होता. म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. बाईच्या हातात गिटार दिसली की पब्लिक खूश होतं. वाजवायचं काम बालाजीचं हाय. तुमचा आवाज मी बाहेर सोडतच न्हाई, कुणाचाच सोडत न्हाई. शोभेला असतंय ते."

शोभेला. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते. अक्कानं माझं मनगट धरलं, त्याला नमस्कार केला आणि बाहेर आली. तिचा चेहरा अगदी शांत होता. मला तेव्हाच कळलं की हा माणूस आता सुटत नाही.

घरी येऊन तिनं अप्पांना सगळं सांगितलं. म्हणाली, "पुढच्या खेपेला गिटार आणते. हितंच बसून वाजवून दाखवते." अप्पा हट्टी माणूस. म्हणाले, "घरात कशाला? चार लोकांत खोटं ठरलीस, चार लोकांत खरं वाजव. त्याच मैदानात. तोवर ते वाद्य ह्या घरात आणायचं न्हाई." अव्वा रडली. अक्कानं पिशवी भरली आणि संध्याकाळच्या एसटीनं नांदेडला गेली.

नंतर पुष्कळ शहाण्यांनी तिला सांगितलं की सोडून दे, मन मोठं कर. मी लातूरला एका क्लासच्या ऑफिसात बसते, दिवसभर पालकांची भांडणं ऐकते, त्यामुळे असल्या सल्ल्यांची मला चांगली ओळख आहे. ज्याचं काही गेलेलं नसतं तोच मन मोठं करायला सांगतो. आणि माफ करायचं तर समोरच्यानं आधी माफी मागायला नको का? अमृतराव तर दरवर्षी तेच मैदान, तोच बालाजी आणि नवीन बाई घेऊन उभा राहत होता.

अक्का मात्र नांदेडला कामाला लागली होती. सूड म्हणजे नुसतं अमृतरावचं तोंड काळं करणं नव्हतं. अप्पांना तिचा खरा आवाज ऐकवायचा होता, आणि तिथंच पहिली अडचण निघाली. तिनं स्वतःची गिटार वायर लावून, रेकॉर्ड करून ऐकली, तर तो आवाज बालाजीच्या कीबोर्डसारखाच निघाला. कोरडा, टणटणीत, प्लॅस्टिकचा. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "अंजे, त्या माणसानं माझा आवाज बाहेर सोडला असता ना, तरी अप्पा म्हणाले असते हे यंत्रच हाय." तिच्या बोलण्यात इतका संताप मी कधी ऐकला नव्हता. अमृतरावपेक्षा तिला तिच्या गिटारचाच जास्त राग आला होता.

नांदेडला जलीलभाई म्हणून आहेत. हार्मोनियम, बेंजो, बँडची वाद्यं, सगळं दुरुस्त करतात. अक्का गिटार घेऊन त्यांच्याकडे गेली. मीही त्या दिवशी तिच्याबरोबर होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीवरची बारीक पट्टी त्यांनी उपसून काढली, आणि तिच्या खालची फितीसारखी चपटी वस्तू दाखवली. ती तारांचा दाब पकडते आणि त्याचा आवाज करून पुढे पाठवते. पट्टीचा तळ वाकडा होता. एका बाजूला ती नीट टेकतच नव्हती, म्हणून जाड तार मुकी आणि बारीक तार किंचाळत होती.

"पट्टी प्लॅस्टिक की है बेटी, तो आवाज भी प्लॅस्टिकच आएगा ना," जलीलभाई म्हणाले. "हड्डी की डालते. फिर देखो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. हाडाची पट्टी लावलेलं वाद्य पुढे कधी घरात न्यायचं झालं तर? मी म्हणाले, "अक्का, नको." जलीलभाईंना अडचण कळली. ते म्हणाले, "लकडी की भी डाल सकते, मगर दबी आवाज आएगी."

अक्कानं तो प्लॅस्टिकचा तुकडा टेबलावर टाकला. मग म्हणाली, "हाडाचीच घाला. घरात यायलाच बंदी हाय तिला, मग कशाला भ्यायचं?" ते ती रागात म्हणाली होती, हे मला ठाऊक होतं. पण जलीलभाईंनी पट्टी घासून, तळ काचेवर सपाट करून बसवली आणि अक्कानं जाड तार छेडली तेव्हा माझ्याही तोंडून "अगं बाई" निघालं. आवाजाला पोट आलं होतं.

तरी ते अर्धंच काम होतं. तिनं एक छोटा अँप, म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर, घेतला, बॅटरीवर चालणारा. बॅटरीवरचाच का, हे तिनं मला तेव्हा सांगितलं नाही. आवाज वाढवला की गिटार कुईकुई करायची, आणि एका ठराविक सुराला तर सगळी खोली गुरगुरायची. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं की घरात कुत्रं आणलंय का. अक्कानं गिटारच्या गोल भोकाला रबराचं झाकण बसवलं. अँप पाठीमागे ठेवायचा सोडून पुढे, बाजूला, तोंड लोकांकडे करून ठेवला. गिटारच्या बाजूला आवाजाचा पोत बदलायच्या चार सरकत्या दांड्या असतात, त्यांतली मधली खाली आणली तेव्हा तो टणटणीतपणा गेला. गुरगुरणारा सूर शोधून तेवढाच कमी केला. तारा बदलल्या, नखं वाढवली, पुन्हा कापली. दर रविवारी ती मला रेकॉर्ड करून पाठवायची आणि विचारायची, "बोट ऐकू येतंय का?" बोट तारेवरून सरकताना जो बारीक घासल्याचा आवाज होतो, तो तिला हवा होता. कीबोर्डमध्ये तो नसतो आणि अप्पांना तो कळणार, याची तिला खात्री होती.

त्यातच अव्वाचा फोन आला. अप्पा टीव्ही इतका मोठा लावतात की गल्लीला बातम्या कळतात. दुकानात गिऱ्हाईक सरकी मागतं आणि हे पेंड काढतात. डॉक्टर म्हणाले की दोन्ही कान हळूहळू जाणार. मी अक्काला हे सांगितलं तेव्हा तिनं आधी बसवजयंतीची तारीख विचारली. मग म्हणाली, "ह्या वर्षीच."

तिनं स्वतः अमृतरावला फोन केला. अगदी गोड बोलली. म्हणाली, शोभेला बसते, वाजवायचं बालाजी बघेल. अमृतराव खूश झाला. मला विचाराल तर तिथंच त्यानं ओळखायला हवं होतं. आमची अक्का गोड बोलतच नाही.

अप्पा यायला तयार नव्हते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुमीच म्हनला होता, त्याच मैदानात वाजव. ती वाजवून राहिली. आता तुमी नाही आलाव तर खोटं कोन?" ते माझ्याकडे रागानं बघत टोपी शोधायला उठले. पहिल्या रांगेत डावीकडे, अक्कानं सांगितलेल्या खुर्चीवर मी त्यांना बसवलं. मलप्पा काका आणि बाकीचे म्हातारे होतेच.

अक्का अँप घेऊन स्टेजवर चढली तेव्हा अमृतराव हसला. "हे डबडं कशाला, ताई?"

"मला माझं ऐकू येत न्हाई हो, म्हणून," अक्का म्हणाली. तिनं अँपचं तोंड स्वतःकडे केलं आणि आवाज बारीक ठेवला.

पहिली गाणी झाली. स्पीकरमधून बालाजीचं गिटार वाजत होतं, अक्का मान डोलवत तारा छेडत होती. अप्पा मांडीवर हात ठेवून दगडासारखे बसले होते. मग ते गाणं आलं, मध्ये लांब तुकडा असलेलं. गायिका थांबली, तुकडा सुरू झाला, आणि अक्कानं दोन्ही हात सरळ डोक्यावर केले.

गिटार जोरात वाजत होती.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माझ्या मागची एक बाई म्हणाली, "अगं, हात वर अन् वाजून राहिलं बघ की!" हसू मागच्या रांगांपर्यंत पसरत गेलं. बालाजीची नजर कीबोर्डच्या पट्ट्यांवर होती. लोक खूश झाले असं वाटून तो आणखी रंगात आला, मुरक्या घ्यायला लागला. लोक पोट धरून हसू लागले. अखेर त्यानं मान वर केली, अक्काचे हात बघितले, आणि त्याची बोटं जागच्या जागी थांबली. मैदानात एकदम शांतता झाली.

अक्कानं हात खाली घेतले. पायानं अँपचं तोंड लोकांकडे वळवलं, वाकून आवाज वाढवला आणि तोच तुकडा पहिल्यापासून सुरू केला.

मी गाण्यातली जाणकार नाही. पण तो आवाज लाकडातून येत होता आणि त्यात माझ्या बहिणीची बोटं होती, एवढं मला कळलं. अमृतराव मिक्सरजवळून धावत आला, स्टेजवर चढला आणि अँपला लागलेली दिसेल ती वायर त्यानं ओढून काढली. अँप वाजतच राहिला. काढली होती ती मिक्सरकडे जाणारी वायर. बॅटरीवरच्या अँपला विजेची वायर नव्हतीच. अमृतराव हातात वायर घेऊन सगळ्या गावासमोर उभा राहिला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेवढ्यात अप्पा उठले. मला वाटलं पुन्हा घरी चालले. ते सरळ स्टेजला जाऊन टेकले, कानामागे तळवा धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, वाढव. अक्कानं वाढवलं. पुन्हा खूण, आणखी वाढव. एवढ्या आवाजाला साधी गिटार केव्हाच किंचाळली असती. ही नाही किंचाळली. तिची बोटं तारेवरून सरकली तेव्हा अप्पांनी डोळे मिटले.

मग ते बालाजीकडे वळले. कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "ए पोरा, आता तू हात वर कर बघू!"

बालाजीनं गुमान हात वर केले. गिटार वाजत होती. मलप्पा काकांनी पहिली टाळी वाजवली.

कार्यक्रमानंतर अमृतराव अक्कापाशी आला. रडकुंडीला आला होता. "ताई, चार लोकांत माझं नाव घालवलंत. ह्या गावात मला कोन बोलवील?"

अक्का वायर गुंडाळत होती. म्हणाली, "ह्याच चार लोकांत माझ्या बापानं मला खोटी मानलं. तेव्हापासून मी घरात पाहुण्यासारखी येऊन जाते. तुमाला एका संध्याकाळीत एवढं लागलं?" तिला त्याची दया आली नाही आणि मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार आमच्या घरात होती. अप्पा तिला हात लावून बघत होते. घोडीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्या पांढऱ्या पट्टीवरून त्यांनी दोनदा नख फिरवलं. "हे कशाचं हाय?"

मी अव्वाकडे बघितलं. अव्वा पूजेचं ताट घेऊन दारातच उभी होती. अक्का खोटं बोलू शकली असती. ह्याच माणसाकडून खोटं हा शब्द ऐकून घेतलेली बाई ती. तिनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "हाडाचं हाय, अप्पा."

अप्पांनी अव्वाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे. आवाज बारीक करायचा प्रयत्न करत म्हणाले, पण ते त्यांना जमत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. "माझी घोडी सांबरशिंगाची हाय. माझ्या बापानं कुनाला सांगितलं न्हाई, मी बी न्हाई."

अव्वाच्या हातातलं ताट कलंडलं. इतकी वर्षं ती त्याच तंबोऱ्याला रोज विभूती लावत आली होती.

अक्का हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग अप्पांच्या पायाशी बसून वाजवायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अमृतराव होता. नंतर कळलं, काल मैदानात मलप्पा काकांच्या मागे बसलेल्या कमिटीवाल्यांना पुढच्या वर्षी तीच गिटारवाली हवी होती, खरी वाजवणारी, आणि त्याला आता अक्काच्या विनवण्या करायच्या होत्या. अक्काचे हात तारांवर होते. फोन अप्पांनी उचलला.

"ती बोलनार न्हाई," ते ओरडले. "ती वाजवून राहिली."

पलीकडून काहीतरी बोलणं आलं. अप्पांना ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं. ते वाकले, चाचपत अँपचं बटण शोधलं आणि पार शेवटपर्यंत फिरवलं. मग फोन अँपच्या तोंडाला लावून धरला.

"अंजू, बघ गं," मला म्हणाले, "त्यानं ठेवला का?"

मी वाकून स्क्रीन बघितला. सेकंद पुढे सरकत होते.

"न्हाई, अप्पा. ऐकून राहिलाय."

"मग ऐकू दे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन तसाच धरून ठेवला.